द्राक्षांच्या रस्त्यानं

जर्मनीच्या नैर्ऋत्येला, फ्रान्सच्या हद्दीला टेकून, फाल्त्स नावाचा एक प्रदेश आहे. इंग्रजी नकाशात तो पॅलॅटिनेट या नावानं सापडेल. ऱ्हाईन नदीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्यापायथ्यानं, उत्तरेकडून दक्षिणेकडे इथं एक रस्ता जातो. लांबी सुमारे ८५ किलोमीटर. मनात आणलं तर दोन तासांत संपवावा आणि पुढच्या कामाला लागावं, एवढाच. पण तो तसा संपवायचा नसतो. दर तीन-चार किलोमीटरवर एक गाव, गाव संपलं की द्राक्षमळे, आणि मळे संपायच्या आत पुढच्या गावाच्या चर्चचा मनोरा. या रस्त्याचं नाव ‘डॉइच वाइनश्ट्रास’, म्हणजे जर्मन वाइनचा रस्ता. पर्यटकांसाठी म्हणून नाव देऊन आखलेल्या जर्मनीतल्या सर्वांत जुन्या रस्त्यांपैकी हा एक.

मी पीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेली तीस वर्षं मराठीत गझल लिहितो आहे, तेव्हा साकी, मैखाना, पैमाना ही मंडळी माझ्या घरी रोज उठबस करणारी. पण ओळख शब्दांपुरतीच. त्यामुळे ‘तुम्ही वाइनच्या गावात जाऊन काय केलंत?’ असं मित्र मिस्कीलपणे विचारतात. मी द्राक्षं पाहिली. मी तासगावच्या बाजूचा माणूस. आमच्याकडे पाव्हणा आला की आधी पाणी देतात आणि मग ‘यंदा बागेचं कसं काय?’ विचारतात. माझी स्वतःची बाग नाही. पण ज्याच्या शेजारीपाजारी सगळ्यांच्या बागा आहेत, त्याला छाटणी, फवारणी आणि दलाल हे तीन विषय आपोआप कळू लागतात.

माझा भाचा मॅनहाइमला नोकरीला आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यानं दोन दिवस सुटी काढली आणि म्हणाला, ‘‘मामू, पुढच्या वेळी मोठी शहरं बघू. या वेळी गावं बघू या.’’ मॅनहाइमहून पाऊण तासात आपण रस्त्याच्या उत्तर टोकाला, बॉकनहाइम या गावी पोचतो. तिथं १९९५ साली बांधलेलं एक घर रस्त्यावर पुलासारखं आडवं उभं आहे. त्याच्याखालून गाडी घातली की प्रवास सुरू झाला. पुढं द्राक्षाच्या घडाचं चित्र असलेल्या पाट्या वाट दाखवतात.

पहिल्या तासातच एक गोष्ट ध्यानात येते. उजव्या हाताला सतत डोंगर असतो आणि डाव्या हाताला ऱ्हाईनचं सपाट खोरं. या डोंगररांगेचं नाव हार्ट. तिच्या पाठीमागं फाल्त्सचं मोठं जंगल आहे. पश्चिमेकडून येणारे पावसाचे ढग त्या डोंगरावर अडतात, तिथंच रिकामे होतात आणि पूर्वेच्या उतारावर ऊन पडतं. आपल्याकडे सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरात पाऊस कोसळतो आणि पूर्वेला माण-खटाव-तासगाव कोरडं राहतं, तोच प्रकार छोट्या प्रमाणावर. आमची द्राक्षंही पर्जन्यछायेतली आणि त्यांचीही. द्राक्षाच्या वेलाला पाय थोडे ओले आणि डोकं कोरडं लागतं. डोकं भिजलं की इथं काय आणि तिथं काय, दावण्या ठेवलेलाच. या उबेमुळे फाल्त्समध्ये बदाम आणि अंजीरही येतात. मार्चच्या सुमारास गिमेल्डिंगन गावात बदामाला फुलं येतात, गुलाबी, आणि त्या फुलांचा उत्सव होतो. बर्फाच्या देशात बदाम फुलतो ही गोष्ट जर्मन लोकांना अजून अप्रूपाची वाटते.

साम्य इथंच संपतं. आमच्या वेलाला झोप ठाऊक नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, वर्षातून दोनदा कात्री, आणि जानेवारीपासून माल. फाल्त्सचा वेल हिवाळ्यात चार-पाच महिने मेल्यासारखा उभा असतो. थंडीत एकदाच छाटणी करतात, एक-दोन काड्या ठेवून त्या तारेवर वाकवून बांधतात आणि वसंताची वाट पाहतात. मांडव नाही. खांब आणि तारा, सरळ ओळी, उतारावरून खाली फणी फिरवल्यासारख्या. पूर्वी हे खांब डोंगरातल्या चेस्टनटच्या लाकडाचे करत. आता बहुतेक लोखंडी. हे वेलही आपल्याकडच्यासारखे खायच्या द्राक्षांचे नव्हेत. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं आणि बियांचं. एक मणी तोंडात टाकला, तर साखर आमच्या द्राक्षापेक्षा काकणभर जास्तच. पण पाठोपाठ आंबटपणाही असा येतो, की डोळे मिटावेत.

साखरेचं मोजमाप हाही गमतीचा विषय आहे. आमचे बागायतदार ‘ब्रिक्स किती?’ विचारतात. जर्मन शेतकरी ‘ओक्सल किती?’ विचारतो. फर्डिनांड ओक्सल हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन कारागीर. त्याच्या मापाचा हिशेब साधा. एक लिटर पाण्याचं वजन हजार ग्रॅम. एक लिटर द्राक्षरसाचं वजन १०८० ग्रॅम भरलं, तर तो रस ८० ओक्सलचा. जास्तीचं वजन मुख्यतः साखरेचं. साखर जास्त म्हणजे ऊन जास्त, आणि उनाची टंचाई असलेल्या मुलखात ऊन म्हणजे पैसा. म्हणून जर्मन वाइनच्या प्रतवारीत पिकतेवेळच्या साखरेला पूर्वापार मोठा मान आहे.

फाल्त्समध्ये २३ हजार हेक्टरांहून जास्त जमीन द्राक्षाखाली आहे. जर्मनीत याहून मोठा वाइन प्रदेश एकच, उत्तरेला लागून असलेला ऱ्हाईनहेसन. आम्ही गेलो तेव्हा तोडणी ऐन भरात होती. उंच पायांचं एक यंत्र अख्खी ओळ दोन्ही पायांत धरून चालतं, वेल हलवतं आणि मणी झाडून घेतं. जिथं उतार तीव्र किंवा माल उंची, तिथं मात्र हातच लागतात. हे हात बहुधा पोलंड-रुमानियातून आलेले. बिहारची मुलं नाशिक-सांगलीच्या बागांत येतात, तशी ही मंडळी हंगामापुरती येतात, कोठारावरच्या खोल्यांत राहतात आणि परत जातात. मळ्याच्या कडेला जेवायला बसलेल्या एका टोळीला भाच्यानं हात केला. त्यांनी घड उचलून दाखवला.

कालश्टाट नावाचं एक छोटं गाव लागतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचे आजोबा इथून १८८५ साली अमेरिकेला गेले. टोमॅटो केचपवाल्या हाइन्झ घराण्याचं मूळही याच गावात. इतक्या लहान गावानं जगाला इतकं काही द्यावं! असो. या गावातल्या एका नावाजलेल्या द्राक्षमळ्याचं नाव ‘झाउमागेन’, म्हणजे डुकराचं पोट. त्याच नावाचा मांसाचा पदार्थ या मुलखाची शान समजला जातो. चॅन्सेलर हेल्मुट कोल इथलेच. त्यांनी मार्गारेट थॅचरपासून गोर्बाचेव्हपर्यंत बड्या पाहुण्यांना पुढच्या डाइडेसहाइम गावात नेऊन तो खाऊ घातला. आम्ही मामा-भाचे ते बोर्ड पाहून अदबीनं पुढं सरकत होतो.

बाड ड्युर्कहाइम हे रस्त्यावरचं मोठं गाव. तिथं एक अजस्र लाकडी पिंप आहे, १९३४ साली बांधलेलं. त्यात सतरा लाख लिटर मावतील असा हिशेब सांगतात, पण वाइनचा थेंबही त्यात कधी भरला नाही. आत हॉटेल आहे. याच गावात सप्टेंबरमध्ये ‘वुर्स्टमार्क्ट’ भरतो. शब्दशः ‘सॉसेजचा बाजार’. प्रत्यक्षात जगातला सर्वांत मोठा वाइन महोत्सव म्हणून त्याची ख्याती. त्याची मुळं पंधराव्या शतकात जातात. जवळच्या टेकडीवर सेंट मायकेलचं देऊळवजा चर्च होतं, तिथं यात्रेकरू येत. त्यांना खाणंपिणं पुरवायला आसपासचे शेतकरी हातगाड्या ढकलत आणत. हातगाड्यांची दुकानं झाली, दुकानांचा बाजार झाला. मिरजेचा उरूस पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पीर एका बाजूला, पाळणे-मिठाई-बांगड्या दुसऱ्या बाजूला, आणि गर्दी मधे.

याच बाड ड्युर्कहाइममध्ये १९ ऑक्टोबर १९३५ रोजी या रस्त्याचं उद्‌घाटन झालं. इथं जरा थांबायला हवं.

उद्‌घाटन करणारा माणूस योझेफ ब्युर्केल. नाझी पक्षाचा या प्रांताचा प्रमुख, गाउलायटर. त्याला रस्त्याची कल्पना का सुचली याचं कारण शेतीच्या बाजारात आहे. १९३४ साली द्राक्षाचं पीक अफाट आलं. पुढचं वर्षही भरघोस. तळघरांतली पिंपं भरली, भाव कोसळले आणि घेणारा दिसेना. आमच्याकडे ज्यानं बेदाण्याचे भाव पडलेले पाहिलेत, त्याला त्या शेतकऱ्याचं तोंड कसं झालं असेल ते कळेल. पण नुसतं पीक जास्त आलं हे पुरतं खरं नाही. फाल्त्सच्या वाइनच्या व्यापारात यहुदी व्यापाऱ्यांचा वाटा फार मोठा होता. लांडाउ, नॉयश्टाट या गावांत त्यांच्या पेढ्या होत्या. ते गावोगाव फिरून माल चाखत, घेत, साठवत आणि दूरच्या शहरांत विकत. कुणाची चव कुठं चालते, कुठल्या हॉटेलवाल्याला काय लागतं, उधारी कुणाची खरी, ही सगळी विद्या त्यांच्याकडे. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि या लोकांना धंद्यातून बाजूला सारायला सुरुवात झाली. कुणाची गिऱ्हाइकं तोडली, कुणाचे परवाने अडवले, कुणाला पेढी कवडीमोलानं विकायला लावली. ज्यांनी माल न्यायचा त्यांनाच हाकललं, तेव्हा माल पडून राहणार, नाही तर काय होणार?

मग पक्षानं उपाय काढले. एक म्हणजे, मोठ्या शहरांनी वाइनची गावं दत्तक घ्यायची आणि त्यांची वाइन खपवायची. दुसरा उपाय म्हणजे हा रस्ता. व्यापारी गावात येत नाही ना, मग गिऱ्हाइकालाच मोटारीत घालून गावात आणा. जुनेच रस्ते एकमेकांना जोडले, त्यांना एक नाव दिलं, पाट्या लावल्या, आणि मोटारींचा ताफा घेऊन साहेब फिरले. उजाडलेल्या बाजारावर फुलांची चादर घालावी, तसं.

युक्ती चालली, हेही कबूल करायला हवं. आज सगळं जग वाइनच्या रस्त्यांवरून हिंडतं.

त्याच ब्युर्केलनं आणि शेजारच्या बाडन प्रांताच्या प्रमुखानं मिळून २२ ऑक्टोबर १९४० रोजी आपापल्या प्रांतांतल्या यहुदी लोकांना घरांतून बाहेर काढलं. साडेसहा हजारांहून जास्त माणसं. बायका, मुलं, म्हातारे. हातात मावेल एवढं सामान. आगगाड्यांत घालून त्यांना फ्रान्सच्या पार दक्षिणेला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, ग्युर्स नावाच्या छावणीत पाठवलं. पुष्कळ जण तिथंच थंडी-आजारानं गेले. उरलेल्यांपैकी पुष्कळांना १९४२ पासून आउश्वित्झला नेलं. रस्त्याच्या उद्‌घाटनाला त्या दिवशी पाच वर्षं आणि तीन दिवस झाले होते.

मुक्कामाला आम्ही नॉयश्टाटच्या दक्षिणेला एका खेड्यात, द्राक्षवाल्याच्याच घरी होतो. या गावांतल्या घरांची ठेवण मला फार आवडली. रस्त्याला लागून उंच दगडी भिंत, तिच्यात बैलगाडी जाईल एवढी कमान, कमानीच्या माथ्यावरच्या दगडात साल आणि घरधन्याच्या नावाची अक्षरं कोरलेली. आत फरसबंद चौक, एका बाजूला राहतं घर, समोर कोठार, खाली तळघर. कमानीवर वेल चढवलेला. आपल्याकडच्या वाड्याची आठवण येते. फक्त तुळशीच्या जागी द्राक्षं दाबायचा जुना लाकडी चरक.

संध्याकाळी चौकातच लाकडी बाकं मांडली होती आणि कमानीला हिरव्या फांद्यांचा एक झुबका टांगला होता. हा झुबका म्हणजे पाटीच. ‘श्ट्राउसविर्टशाफ्ट’ हे त्या व्यवस्थेचं नाव. श्ट्राउस म्हणजे फुलापानांचा गुच्छ. द्राक्षवाल्याला स्वतःच्या मळ्याची वाइन स्वतःच्या घरी लोकांना बसवून विकायची असेल, तर हॉटेलचा परवाना लागत नाही. अटी मात्र पक्क्या. वर्षातून जास्तीत जास्त चार महिने, बैठक चाळीस माणसांची, माल स्वतःचा, खाणं साधंसुधं. झुबका टांगला म्हणजे दार उघडं, उतरवला म्हणजे बंद. शार्लमेन बादशहाच्या काळापासूनची ही रीत, असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. मला त्यातली व्यवहारबुद्धी आवडली. लहान शेतकऱ्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या मधे कुणी नाही. बाटलीचा पैसा सरळ घरात.

बाकांवर अनोळखी माणसं एकमेकांशेजारी बसतात. वाइन सोड्यासारख्या पाण्यात मिसळून अर्ध्या लिटरच्या जाड पेल्यात देतात. पेल्याच्या अंगावर बोट टेकेल असे खळगे असतात. बाजारातल्या खाटकांचे हात तुपकट, पेला निसटू नये म्हणून खळगे आले, अशी दंतकथा. ऑक्टोबरात ‘नवी वाइन’ही मिळते. ती अजून आंबत असते, म्हणून बाटलीचं बूच घट्ट लावत नाहीत. लावलं तर उडेल. तिच्याबरोबर कांद्याची भाकरीसारखी जाड वडी. आम्ही उकडलेले बटाटे आणि चक्क्यासारखं पांढरं चीज घेतलं, भाजलेले चेस्टनट घेतले, आणि त्याच खळग्यांच्या पेल्यातून द्राक्षाचा ताजा रस प्यालो. मागणी केली तेव्हा कुणी भुवई उंचावली नाही. प्रत्येक द्राक्षवाला थोडा रस न आंबवता बाटल्यांत भरून ठेवतोच. मुलांना लागतो आणि गाडी चालवणाऱ्यांना लागतो. शेजारच्या बाकावरच्या चौघांत परत गाडी कुणी न्यायची यावर वाद चालला होता. आमच्याकडे पाहून त्यांतला एक म्हणाला, ‘‘तुम्ही सुखी आहात.’’

गझलेतला साकी तरुण असतो, देखणा असतो. इथं पेले भरणाऱ्या बाई सत्तरीच्या, कमरेला एप्रन, चष्मा दोरीनं गळ्यात. मला ग्योटेची आठवण झाली. जर्मनांच्या या महाकवीनं साठी उलटल्यावर हाफिजच्या कवितेचा अनुवाद वाचला, आणि १८१४ साली ऱ्हाईनकाठच्या याच द्राक्षांच्या मुलखाकडे प्रवासाला निघताना तो हाफिज त्याच्या डोक्यात होता. त्यातून त्याचा ‘पश्चिम-पूर्व दिवाण’ झाला. त्यात साकीवर एक अख्खा भाग आहे. शिराझची शराब आणि ऱ्हाईनची शराब कवितेत एकत्र आणणारा तो माणूस. आमच्या बाईंना यातलं काही सांगण्याइतकी माझी जर्मन नव्हती आणि त्यांना वेळही नव्हता.

गर्दी ओसरल्यावर मात्र त्या येऊन बसल्या. भाचा दुभाष्या. आमच्याकडे द्राक्षं होतात म्हटल्यावर त्यांनी दलालीचं विचारलं. शेतकरी कुठलाही असो! मी सांगितलं, की आमच्याकडे व्यापारी बागेत येऊन सौदा करतात आणि एखादा पैसे बुडवून रातोरात गायब होतो. त्या हसल्या, आत गेल्या आणि आजोबांच्या काळची जमाखर्चाची वही घेऊन आल्या. पिवळी पानं, जुन्या वळणाची जर्मन अक्षरं. दर शरद ऋतूत एका व्यापाऱ्याचं नाव, पिंपांची संख्या, भाव, आणि पुढं ‘पोचले’ अशी खूण. लांडाउचा यहुदी व्यापारी. वर्षामागून वर्ष तेच नाव. त्यांनी पान उलटलं आणि बोट ठेवलं. १९३५ पासून ते नाव नाही. त्या जागी कोरी ओळही नाही. दुसरीच नावं, दुसरेच भाव.

‘‘आजोबा काय म्हणत?’’ मी विचारलं. भाच्यानं उत्तर मराठीत आणलं, ‘‘मामू, त्या म्हणतात, आजोबा त्याविषयी कधीच बोलले नाहीत. वही मात्र फेकूही दिली नाही.’’

मी मुसलमान आहे आणि बाजारपेठेच्या गावात वाढलो आहे. चोपडीतून एखादं नाव गळतं म्हणजे काय, हे मला फार समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोडं उलट उत्तरेला जाऊन नॉयश्टाटच्या जुन्या पेठेत चाललो. तिथं फरसबंदीत मधूनच पितळेचा चौकोन चमकतो, दहा सेंटिमीटर लांबीरुंदीचा. गुंटर डेम्निग या कलावंतानं सुरू केलेले हे ‘ठेचेचे दगड’ आता युरोपभर आहेत. एका दगडावर एका माणसाचं नाव, जन्मसाल, कुठं नेलं ते. ज्या घरात तो राहत होता, त्याच घरासमोर. वाचायचं तर वाकावं लागतं.

या शहराच्या नावाचीही कथा आहे. पूर्वी ते ‘हार्टकाठचं नॉयश्टाट’ होतं. १९३६ साली ते ‘वाइनश्ट्रासवरचं नॉयश्टाट’ झालं. १९४५ मध्ये युद्ध हरल्यावर नाव मागं घेतलं, पुन्हा ‘हार्टकाठचं’. आणि १९५० साली परत ‘वाइनश्ट्रासवरचं’! ब्युर्केल १९४४ मध्येच मेला होता. आता हे नाव कुणी लादलं नव्हतं. रस्त्यावर पोट भरत होतं म्हणून आलं. मला यात ढोंग दिसलं नाही. रस्ता टाकून देता येत नाही, त्यावर हजारो घरं जगतात. पण त्याची जन्मकथा कुठल्याही रंगीत पत्रकाच्या पहिल्या पानावर नसते, हेही मी पाहिलं. पितळी चौकोनासाठी वाकणारे कमी आणि पेल्यासाठी रांग लावणारे जास्त, हे तर कुठंही व्हायचंच.

नॉयश्टाटच्या वर हाम्बाखचा किल्ला आहे. २७ मे १८३२ रोजी इथं वीस-तीस हजार लोक चढून आले होते आणि त्यांनी एकसंध जर्मनी, लोकांचं राज्य आणि छापण्याचं स्वातंत्र्य मागितलं. काळा-लाल-सोनेरी झेंडा तेव्हा फडकला, तोच आज जर्मनीचा राष्ट्रध्वज. शाळेच्या पुस्तकात एवढं असतं. मला रस होता तो त्या गर्दीतल्या द्राक्षवाल्यांत. फाल्त्स त्या काळी बव्हेरियाच्या राजाकडे होतं. जकाती आणि कर यांनी वाइनचा धंदा गळाठला होता. म्हणून ड्युर्कहाइमचे द्राक्षवाले काळा झेंडा घेऊन आले होते. लोकशाहीच्या पहिल्या मोठ्या सभेत भाव पडल्याचं दुःख घेऊन आलेले शेतकरी! आपल्याला हे दृश्य अपरिचित नाही.

दक्षिणेकडचा निम्मा रस्ता अधिक निवांत आहे. डोंगर जवळ येतात, गावं लहान होतात. रोट नावाच्या गावात चेस्टनटच्या झाडांखालून जाणारी एक गल्ली आहे आणि गावाच्या कडेला एक जुना मळा. त्यातले वेल चारशे वर्षांचे मानतात, आणि अजून फळ देतात. आमच्याकडे पंधरा-वीस वर्षांत बाग म्हातारी होते आणि उपटावी लागते. हे वेल मांडीएवढे जाड, पिळवटलेले, आणि टोकाला मात्र कोवळ्या काडीवर चार घड. मी अर्धा तास तिथंच होतो. पुढं ड्योरेनबाखचं तटबंदीचं चर्च आणि लाकडी सांगाड्याची घरं पाहिली. सुंदर आहेत, पण त्यांची छायाचित्रं सगळीकडे सापडतात.

जायचंच असेल, तर बदाम फुलताना जावं, नाही तर ऑक्टोबरात. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी हा रस्ता मोटारींना बंद असतो. सायकलवाले आणि पायी चालणारे तो भरून टाकतात. मोटारींसाठी निघालेल्या रस्त्याला वर्षातून एक दिवस मोटारींपासून सुटी!

रस्ता संपतो तो श्वाइगेन गावात, फ्रान्सच्या हद्दीवर. तिथं दगडी वेस उभी आहे, ‘वाइनतोर’. आधी लाकडी नमुना होता, १९३६ मध्ये ही पक्की बांधली. जाड खांब, रुक्ष चेहरा. फ्रान्सला आपला रुबाब दाखवायचा हेतू स्पष्ट दिसतो. पण वेशीपलीकडच्या उतारावर पुढं फ्रान्समध्ये जे मळे दिसतात, त्यांतले कित्येक याच श्वाइगेनच्या जर्मन शेतकऱ्यांचे आहेत. हद्द मधून गेली, मळे तिकडं राहिले, कसणारे इकडं. त्या जमिनीवरची द्राक्षं इकडं आणून त्यांची वाइन करतात आणि ती फाल्त्सची वाइन म्हणून विकतात. कायद्यानं तशी सोय करून ठेवलेली आहे.

आम्ही वेशीशी पोचलो तेव्हा तिसरा प्रहर झाला होता. फ्रान्सच्या बाजूनं एक ट्रॅक्टर आला, मागच्या ट्रॉलीत पांढरी द्राक्षं, वर माश्यांचा ढग. चालवणारा तरुण आमच्याकडे न बघताच गावाच्या गल्लीत वळला. त्याला तोडलेला माल ऊन तापायच्या आत चरकावर पोचवायचा होता आणि आधीच उशीर झालेला दिसत होता.